एरंडीची ढेप

पातूर, ९ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

सादर नमस्कार. काकूंनाही माझा नमस्कार सांगा.

दिवाळीपासून पत्र नाही, म्हणून तुम्ही रागावला असाल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं तुम्ही पत्र मानत नाही, तेव्हा कागद घेऊन बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि बसायचा धीर होत नव्हता. आता सांगते. कुलदीपचा आजार परत आला.

गेल्या वर्षी केमो झाली तेव्हा मानेतल्या गाठी पार विरघळल्या होत्या. लिंबाच्या बागेत त्यानं स्वतः फवारणी केली, माणूस आजारी होता हे गाव विसरलं. दसऱ्याला पुन्हा काखेत गाठ लागली. आता मानेत आहेत, छातीतही आहेत. उताणं झोपलं की श्वास कोंडतो, म्हणून भिंतीला टेकून झोपतो. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, हा लिम्फोमा आता केमोला दाद देणार नाही. केमो देत राहिलो तर वर्ष, फार तर थोडं जास्त. मग म्हणाले की अकोल्याच्या एका हॉस्पिटलात नव्या औषधाची चाचणी सुरू आहे, तिथे विचारा. विचारलं तर तुमचे सौमित्रदादाच ते काम बघतात असं कळलं. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच रडले.

पण ते औषध एरंडाच्या विषापासून केलेलं आहे म्हणे. सासूबाई म्हणतात, "जे ढोरं तोंडात घेत नाई, ते माह्या पोराले टोचतीन?" मी त्यांना काय सांगू? तुमच्याकडे तीन वर्षं वनस्पतिशास्त्र शिकून मला एरंडाचं पान तेवढं काढता येतं. तेही तुम्ही चुकीचं ठरवलं होतं. खरं काय आहे ते सोपं करून लिहा. कुलदीपलाही वाचून दाखवीन.

आपली,
रागिणी


अमरावती, १४ जानेवारी २०२५

चि. सौ. रागिणीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र नेमकं संक्रांतीला आलं. काकूनं तिळाच्या वड्या थापायच्या ठेवून ते वाचलं आणि त्या वड्या तशाच दगड झाल्या. त्या मी आता खातो आहे. दात गेले तर तुझ्या नावावर.

पान तू चुकीचंच काढलं होतंस. ते राहू दे. आता नीट ऐक, आणि तुझ्या सासूबाईंना, मैनाबाईंनाही ऐकव, कारण त्यांचा प्रश्न तुझ्यापेक्षा शहाणा आहे.

एरंडाच्या बीत तेल असतं आणि विष असतं. तेल काढलं की विष खाली उरलेल्या चोथ्यात, म्हणजे ढेपेत राहतं, म्हणून एरंडेल पिऊन माणूस मरत नाही, नुसती धावपळ करतो. हे विष म्हणजे एक प्रथिन आहे, दोन तुकड्यांचं. पहिला तुकडा पेशीचं दार उघडून देतो. दुसरा आत शिरतो आणि पेशीचं काम कायमचं बंद पाडतो. पहिल्याला भलंबुरं कळत नाही, तो कोणाचंही दार उघडतो. म्हणून ते विष. या लोकांनी काय केलं, तो पहिला तुकडा कापून टाकला आणि त्याच्या जागी दुसरंच एक प्रथिन जोडलं, जे फक्त कुलदीपच्या आजारी पेशींवरची खूण ओळखतं. म्हणजे विष तेच, पण नाव-पत्ता घालून पाठवलेलं. निदान कागदावर तरी असं आहे. प्रत्यक्षात काहींच्या अंगावर सूज येते, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, काहींना ते लागूच पडत नाही. सौमित्र माझा मुलगा असला तरी मी त्याच्या वतीनं शब्द देणार नाही. मात्र ज्यांना लागू पडलं त्यांच्या गाठी वितळताना त्यानं बघितल्या आहेत, आणि सौमित्र उगाच हुरळणाऱ्यातला नाही. त्या बाबतीत तो आईवर गेलाय.

आता मी एक विचारतो, त्याचं उत्तर उलट टपाली हवं. तुम्ही लिंबाला खत म्हणून एरंडीची ढेप घालता का? आणि ती फोडताना कुलदीपला काही होतं का? काही माणसांच्या अंगाची एरंडाशी आधीच गाठ पडलेली असते. शरीर त्याला शत्रू म्हणून लक्षात ठेवतं आणि पुन्हा गाठ पडली की पेटून उठतं. ढेपेच्या धुळीनं शिंका आल्या तर निभावतं. तीच चीज थेट शिरेत गेली तर निभावत नाही. कुलदीपचं तसं असेल तर हे औषध त्याच्यासाठी नाही. मग ते कितीही गुणी असो.

तुझा,
मोरोपंत सर


पातूर, २२ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

तुमचं पत्र ओसरीत बसून मोठ्यानं वाचलं. कुलदीप ऐकत होता, सासूबाई तूर पाखडत होत्या. "नाव-पत्ता घालून" हे कुलदीपला फार आवडलं. मी पुढचं वाचलं तेव्हा त्यानं बागेकडे तोंड फिरवलं.

सर, खोटं कशाला लिहू. बहाराचं पाणी सोडायच्या आधी आम्ही ढेप घालतो, इकडे सगळेच घालतात, वाळवी लागत नाही. कुलदीप ती स्वतः फोडतो, मजुरांच्या हाताला बारीक होत नाही म्हणतो. त्या दिवसांत सासूबाई सकाळी चहासोबत त्याला खाजेची गोळी देतात, नाकाला दुपट्टा बांधून देतात. तरी संध्याकाळी डोळे सुजतात, अंगावर गांधी उठतात, छातीत शिटी वाजते. मागच्या बहाराला अकोल्याला न्यावं लागलं, ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा बागेत. शेतकऱ्याच्या घरी याला आजार म्हणत नाहीत, ढेपीचे दिवस म्हणतात.

मी म्हटलं, हे डॉक्टरांना सांगावं लागेल. त्यावर तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते. "ढेपीचं सांगशील तं ते मले गेटातूनच वापस पाठोतीन. मंग मी कुठं जाऊ? दुसरी जागा असंन तं सांग, आत्ता निघतो." माझ्याकडे दुसरी जागा नव्हती. सासूबाई म्हणाल्या, सांगायची काही गरज नाही, शिंका कोणाला येत नाहीत. दीर किशोर म्हणाला, डॉक्टरचे वडील आपल्या ओळखीचे आहेत, मग घाबरायचं कशाला.

सर, केमोवर फार तर वर्ष आहे, आणि ते असं भिंतीला टेकून. हे औषध लागू पडलं तर तो जगेल. तुम्ही सौमित्रदादांना इतक्यात काही बोलू नका. एवढी विनंती आहे.

रागिणी


अमरावती, २७ जानेवारी २०२५

चि. सौ. रागिणीस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी इतका संतापलो की काकूनं माझा चहा काढून घेतला.

ऑक्सिजन लावावा लागला आणि तू त्याला ढेपीचे दिवस म्हणतेस? तुला मी पास तरी कसं केलं? डॉक्टरची ओळख आहे म्हणून एरंड ओळख ठेवणार आहे का? किशोरला सांग, हे तलाठ्याचं ऑफिस नाही.

पण कुलदीपचा प्रश्न मला दिवसभर सोडत नाहीये. मंग मी कुठं जाऊ. 

तेव्हा असं करू. मी सौमित्रला परस्पर काही सांगणार नाही. तुझ्या घरातली गोष्ट आहे, ती तुझ्याच तोंडून जायला हवी. तो विचारेल तेव्हा सगळं सांग, ऑक्सिजनसकट. आणि तुझी जीभ अडखळलीच तर आणखी एक आडकाठी आहे. औषधाआधी ते हातावर एरंडाच्या अर्काचा थेंब ठेवून सुईनं टोचून बघतात. अंगाला वावडं असेल तर तिथे फुगवटा येतो, आणि फुगवटा आला की औषध नाही, विषय संपला. सुई कोणाची भीड धरत नाही. फक्त त्याआधी आठवडाभर खाजेची गोळी अजिबात पोटात जाता कामा नये. ती घेतली की फुगवटा येतच नाही आणि वावडं असून चाचणी साफ दिसते. हे त्याला नीट समजावून सांग. घरात सगळ्यांना सांग.

आणि मला एकदा कळव की सांगितलंस.

मोरोपंत सर


अकोला, १९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. सर, चाचणी साफ आली.

तुमचं पत्र मी त्याच दिवशी वाचून दाखवलं, सगळ्यांसमोर. गोळीचं वाक्य कुलदीपनं पुन्हा वाचायला लावलं. मी त्याला बजावलं, सासूबाईंनाही बजावलं. हो म्हणाले. आता आम्ही तिघं इथे आहोत, सासूबाई त्याला एकट्याला सोडायला तयारच नव्हत्या. हॉस्पिटलसमोर खोली घेतली आहे, त्या स्टोव्हवर त्याच्यापुरतं रांधतात.

तुम्ही विचारलं होतं, सौमित्रदादांना सांगितलं का. त्यांनी विचारलं, शेतात कशाचा त्रास होतो का. माझ्याआधी कुलदीपच बोलला, "धुळीनं शिंका येतात, बाकी काई नाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सर, मी मान हलवली. हो म्हणून हलवली. मनात म्हटलं, उद्या सुई बोलणारच आहे, मी आज कशाला त्याला खोटं पाडू.

आणि सुई काही बोलली नाही. थेंब ठेवला, टोचलं, आम्ही सगळे त्या हाताकडे बघत बसलो. पाण्याच्या जागी काही नाही, एरंडाच्या जागी काही नाही. आणखी एक टोचणी असते, तिथे सगळ्यांनाच फुगवटा येतो म्हणे. तोही नावालाच आला, पुसटसा. केमो झालेल्यांचं कधीकधी असं होतं, नर्स म्हणाली. कुलदीप हात वर करून सासूबाईंना दाखवत होता, "पाय माय, अंगच बदललं माहं." केमोनं रक्तच धुऊन निघतं म्हणतात, तसंच काही झालं असेल. असं होऊ शकतं ना सर?

शेजारच्या खाटेवर आचल नावाची कॉलेजातली मुलगी आहे. तिची आई नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात शिवणकाम करते. ती आली तेव्हा मानेभोवती ओढणी गुंडाळल्याशिवाय कोणासमोर येत नव्हती, इतक्या मोठ्या गाठी. आता ओढणी खाटेच्या दांडीला लटकवलेली असते. तिच्या मानेकडे कुलदीप सारखा बघतो. मी म्हटलं, परक्या मुलीकडे असं बघू नये, तर म्हणाला, मी पोरीकडे नाही, औषधाकडे पाहून राहिलो.

उद्या सकाळी त्याचा पहिला डोस आहे. आशीर्वाद द्या.

रागिणी


अमरावती, १२ मार्च २०२५

चि. रागिणीस,

पत्रावर 'चि.'नंतर काय लिहावं ते मला सुचेना, म्हणून पुढे नुसतं नाव लिहिलं. काकू शेजारी बसून रडते आहे.

मी तेराव्याला यायला हवं होतं. निघालो होतो. सौमित्रनं अडवलं. किशोर माणसं घेऊन हॉस्पिटलात आला होता, आमच्या घरचं कोणी पातूरला दिसलं तर बरं होणार नाही असं तो म्हणाला होता म्हणे. त्याचं दुःख मी समजतो. पण म्हणून मी आलो नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

सौमित्रनं जे सांगितलं ते एवढंच. सलाईनमधून औषध जायला लागलं आणि थोड्या वेळात कुलदीपचा श्वास अडला. छातीतल्या गाठींनी श्वासनळी आधीच दाबलेली, त्यात घसा आतून सुजला. द्यायची ती सगळी इंजेक्शनं दिली, नळी घालायचा प्रयत्न केला, नळी जाईना.  

किशोरनं पोलिसांत तक्रार दिली आहे की माणसावर विषाचा प्रयोग करून मारलं. हॉस्पिटलनं औषध सगळ्यांचंच थांबवलं. सौमित्रला कामावरून बाजूला केलं आहे, तो इथे येऊन बसला आहे. मध्येच म्हणतो, चाचणी साफ होती बाबा, मी स्वतः बघितली. मी मान खाली घालतो. त्याला वाटतं मला ऐकू आलं नाही.

मी एकच विचारतो. ढेपीचं तू कधी, कोणाला तरी, सांगितलंस का? नाही, असं उत्तर असेल तर तेही लिही.

मोरोपंत


पातूर, ६ एप्रिल २०२५

सर,

नाही.

मी तिथेच उभी होते. औषध सुरू झालं तेव्हा तो आचलशी गंमत करत होता. मग नाक चोळत नर्सला म्हणाला, "बाई, ढेप फोडल्यावानी होऊन राहिलं." नर्स नवी होती, तिला कळलं नाही, तिनं मला विचारलं काय म्हणतात. मला कळलं होतं. सर, मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी ओरडले तोवर तिलाही दिसलं होतं. त्यानं फरक पडला नसता असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही.

आता पुढचं ऐका. अकोल्याला नेलेली पिशवी मी इतके दिवस उघडली नव्हती. परवा उघडली. त्याच्या कपड्यांखाली खाजेच्या गोळ्यांची पट्टी निघाली, निम्मी रिकामी.

म्हणजे त्यानं घेतल्या. तुमचं वाक्य मी वाचलं, त्यानं पुन्हा वाचायला लावलं, मला वाटलं नीट लक्षात ठेवतोय. लक्षात ठेवलंच त्यानं. तुम्ही वाट बंद करायला लिहिलं आणि त्याला त्यातून वाट दिसली. मला इतका राग आला आहे सर, की रडू येत नाही. त्याचे कपडे मी धुतले नाहीत, तसेच कोंबून ठेवले. मला एका शब्दानं तरी विचारायचं होतं. मी अडवलं असतं. की मी अडवलं असतं म्हणूनच विचारलं नाही?

तुमचाही राग आला. खोटं लिहीत नाही. तो गोळीचा उपाय तुम्ही लिहिलाच कशाला? आणि तुम्हाला सगळं ठाऊक असताना मुलाला का सांगितलं नाही? मग आठवतं की नका सांगू म्हणणारी मीच होते.

किशोरच्या तक्रारीवर माझीही सही आहे. पट्टी सापडायच्या आधीची. पट्टी मी सासूबाईंना दाखवली. त्यांनी हातही लावला नाही. म्हणाल्या, "जाळून टाक ते. मेलेल्याच्या नावानं काई बोलू नोको." खरं आहे त्यांचं. मी बोलले तर गाव म्हणेल, कुलदीपनं आपल्या हातानं जीव दिला. त्याच्यामागे त्याच्या आईनं हे ऐकत जगायचं का? किशोर तर मला घरात उभी करणार नाही.

मी बोलू शकत नाही सर. काय करू ते मला लिहू नका.

रागिणी


अमरावती, १५ एप्रिल २०२५

चि. रागिणीस,

काय करावं ते लिहू नका म्हणालीस. मी काय केलं ते लिहितो.

चार दिवसांपूर्वी मी सौमित्रला ढेपीचं सांगितलं. ऑक्सिजनचं सांगितलं, आणि मला हे जानेवारीपासून माहीत होतं हेही सांगितलं.  त्यानं पाटीवर लिहावं तसं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दाखवलं, मला नीट ऐकू येत नाही म्हणून: "एक ओळ लिहिली असती तर." कागद तिथेच टाकून तो अकोल्याला निघून गेला. काकूशी बोलतो, माझ्याशी नाही. त्याचं बरोबर आहे. मी तुझा मान राखत होतो, तू नवऱ्याचा मान राखत होतीस, नवरा आईला धीर देत होता. सुई बोलेल म्हणून आपण सगळे गप्प बसलो. जन्मभर पोरांना सांगत आलो की निरीक्षण लपवणं हा गुन्हा आहे, आणि म्हातारपणी मी भीड पाळली.

गोळ्यांच्या पट्टीचं मी त्याला सांगितलेलं नाही. ते माझं नाही, तुझं आहे.

एवढं मात्र तुला माहीत असावं. नुसत्या ढेपीच्या गोष्टीवर हॉस्पिटलच्या चौकशी समितीचं समाधान होत नाही. त्यांचं म्हणणं, चाचणी साफ असूनही माणूस गेला, म्हणजे चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. पुसट फुगवट्याचं त्यांनी केमोवर ढकललं आहे. तेव्हा औषध कोणालाच द्यायचं नाही. चाचणी साफ का आली हे ज्याला माहीत आहे त्यानं सांगितलं, तरच ते पुन्हा सुरू होईल. आचलच्या मानेत पुन्हा गाठी आल्या आहेत. तिची आई कारखान्याची पाळी सोडून हॉस्पिटलच्या दारात उभी राहते आणि येईल त्या डॉक्टरला विचारते, माझ्या पोरीचं औषध काहून बंद केलं.

तुझ्यावर दडपण आणायला हे लिहीत नाही, असं म्हणालो तर खोटं होईल. दडपण आणायलाच लिहितो आहे. समिती दोन मे रोजी अकोल्यात बसणार आहे. मी तिथे जाणार आहे, बाहेर बाकावर बसेन. तू आली नाहीस तरी माझे आशीर्वाद आहेत तसेच राहतील.

मोरोपंत


पातूर, ११ मे २०२५

आदरणीय सर,

तुम्ही बाहेर बाकावर होतात. आत काय झालं ते सौमित्रदादांनी तुम्हाला सांगितलं असेल, बोलत असतील तर. तरी माझ्या हातानं लिहिते.

किशोरला वाटत होतं मी तक्रारीच्या बाजूनं बोलायला चालले आहे. बसमध्ये तो मला समजावत होता, काय म्हणायचं, कुठे रडायचं. सासूबाई आम्हा दोघांच्या मध्ये बसून होत्या. त्यांना येऊ नका म्हटलं होतं, त्या ऐकल्या नाहीत.

मी ढेपीपासून सुरुवात केली. मग पट्टी टेबलावर ठेवली. त्यानं चाचणीआधी गोळ्या घेतल्या म्हणून चाचणी साफ आली, औषधाचा दोष नाही, चाचणीचा नाही, डॉक्टरांचाही नाही, असं मी म्हणाले. मला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. चांगला खणखणीत फुटला, कारण मी रागात होते. किशोर उठून अंगावर आला, मेलेल्या भावाला चोर ठरवते म्हणून. लोकांनी त्याला धरलं. समितीतल्या बाईंनी मला विचारलं, गोळ्या त्यांनी स्वतः घेतल्या याची तुम्हाला खात्री आहे का. मी हो म्हणाले.

तेव्हा सासूबाई मागून म्हणाल्या, "नाई. त्यानं नाई घेतल्या. म्या देल्ल्या."

सगळे वळून बघायला लागले. त्या उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. कोणी विचारायची वाट पाहिली नाही. "हे रागिणी पत्र वाचून राहिली होती अन् मी तूर पाखडून राहिली होती. मले ऐकू आलं. दरसाली ढेपीच्या टायमाले मीच देतो त्याले गोळी, याबी साली देल्ली. ताकदीची हाय म्हून सांगलं. इतक्या गोळ्या खाय तो, त्याले काय समजते. त्याले वाटे अंगच बदललं. लेकराले काईच मालूम नव्हतं."

सर, मी महिनाभर एका निरपराध माणसावर रागावून बसले होते. त्यानं गोळीचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं ते खरोखरच न घेण्यासाठी होतं. घरी आले आणि पहिल्यांदा त्याचे कपडे धुतले.

समितीचा निकाल आला आहे. आता नुसत्या टोचणीवर भागणार नाही, रक्तही तपासतील, आणि ज्यांना आधीपासून औषध चालू होतं त्यांना ते पुन्हा देतील. आचलला दिलं. पण मधल्या काळात गाठी छातीत उतरल्या आहेत, पहिल्यासारखं विरघळत नाही असं तिच्या आईनं फोनवर सांगितलं. मला बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. सौमित्रदादा परत कामावर लागले. तक्रार मागे घेतली. किशोर माझ्याशी बोलत नाही आणि आईशीही बोलत नाही. त्यानं चूल वेगळी मांडली. आता या घरात आम्ही दोघीच आहोत.

मी त्यांच्यावर ओरडून पाहिलं. एकदा ताटही आपटलं. त्या भाकरीचे तुकडे गोळा करतात. मग मला ओरडायचाही कंटाळा आला. सगळ्यांत आधी मान हलवणारी मी, आणि मीच त्यांना काय विचारणार? रोज भाकरी वाढते. त्या अर्धी खातात.

काल संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा काही विचारलं. बागेकडे तोंड करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "रागिणी, म्या गोळी नसती देल्ली, अन् डॉक्टरनं त्याले वापस पाठोलं असतं, तं तो आज असता काय?"

सर, मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, नाही आई. तो तसाही राहिला नसता. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, मार्चसुद्धा निघणार नाही म्हणून.

असं कोणी सांगितलं नव्हतं. सौमित्रदादा म्हणाले होते, जुन्याच औषधांवर वर्ष काढलं असतं, कदाचित जास्त. नागपूरचे डॉक्टरही तेच म्हणाले होते. आज तो या दारात बसला असता, भिंतीला टेकून का होईना, माझ्याशी भांडत. हे मला ठाऊक आहे आणि आता तुम्हाला.

त्या रात्री त्या पूर्ण भाकरी जेवल्या.

तुम्ही इकडे कधी आलात आणि त्यांनी तुम्हाला विचारलं, तर कृपा करून मला खोटं पाडू नका.

आपली,
रागिणी